विश्लेषण : बिशपांची आडनावे पोर्तुगीज का?

दिघीसह रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतात येतो. जानेवारी २०२५ पासून तेथे आर्चबिशप आहेत जॉन रॉड्रिग्ज. या आडनावाचा अर्थ, रॉद्रिगोचा मुलगा. वसईचे माजी बिशप फेलिक्स मच्याडो यांच्या आडनावाचा अर्थ कुऱ्हाड. विद्यमान बिशप थॉमस डिसोझा यांचे आडनाव पोर्तुगालमधील सोझा नदीवरून आलेले. आपल्याकडील ‘दिघीकर’ किंवा पोलंडमधील अनेक ‘स्की’ आडनावेही अशीच ठिकाणांवरून पडली.

मग ही आडनावे लावणारे पोर्तुगीजांचे वंशज आहेत का? बहुतेक नाहीत. १६ व्या शतकापासून बाप्तिस्म्याच्या वेळी स्थानिकांना धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. सत्ता गेली, आडनावे राहिली. घरांत मात्र सामवेदी, वाडवळी बोलीच नांदल्या. त्यामुळे आडनाव ऐकून ‘मूळचे कुठले?’ असे विचारण्याआधी समोरच्याची बोली ऐकावी.