सौदीच्या वाळवंटातील जुलाब

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले आणि अमेरिकेचे सैन्य सौदी अरेबियात उतरू लागले. लढाईला तोंड फुटले जानेवारीत. मधले पाच महिने तंबू ठोकून वाळवंटात सराव चालला होता. आपल्या कोकणातील कितीतरी घरांची माणसे तेव्हा आखातात नोकरीला होती. ते दिवस अनेक वाचकांना आठवत असतील.

या सैनिकांना लढाईआधीच जुलाबाने गाठले. सैन्याच्या डॉक्टरांनी दोन हजारांवर जवानांना विचारले, तेव्हा ५७ टक्क्यांनी एकदा तरी जुलाब झाल्याचे सांगितले. २० टक्के जवान काही काळ कामच करू शकले नव्हते. सगळी तरणीताठी, धडधाकट माणसे!

तपासणीत मुख्यतः दोन जंतू सापडले. एक ई. कोलायची विष सोडणारी जात, दुसरा शिगेला. शिगेलाने होते ती रक्त-आवेची हगवण. उर्दूत तिला पेचिश म्हणतात. आजाराचा माग काढताना बोट गेले ताज्या भाज्यांकडे, विशेषतः लेट्यूस या कच्च्या खायच्या पाल्याकडे. आम्हाला हे फार बोलके वाटते. प्रवासात आपण पाण्याची बाटली विकत घेतो आणि त्याच हाताने गाडीवरची कापलेली काकडी उचलतो. ताटाकडेला ठेवलेल्या कांदा-कोथिंबिरीचा तर संशयही येत नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसली. टेट्रासायक्लीन आणि को-ट्रायमोक्साझोल या नेहमीच्या गोळ्यांना त्यातले बरेच जंतू दाद देत नव्हते. तरी पोट बिघडले की कपाटातल्या उरलेल्या गोळ्या शोधायची सवय आपल्या घरांतून गेलेली नाही. साध्या जुलाबाला बहुधा अशा गोळीची गरजच नसते.

गरज असते पाणी आणि मिठाची. उन्हात कवायत करणाऱ्याचे घामावाटे दोन्ही जातच असते, त्यात जुलाबाची भर. नुसते पाणी पिऊन मीठ भरून निघत नाही. साखर सोबत असली की आतडे मीठ आत ओढते आणि त्यामागे पाणी जाते. ओआरएसचे सारे गमक एवढेच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच द्रावणावर पटकीच्या रुग्णांचे मृत्यू खूपच कमी करून दाखवले होते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजे टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो. पुडी असेल तर तिच्यावर किती पाणी लिहिले आहे ते वाचावे. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही २०० मिलीलिटरच्या.

आमच्या वर्गातील मुले एनसीसीच्या शिबिराला जातात, मोठी झालेली काही सैन्यभरतीसाठी पहाटे धावतात. या वयाची मुले जुलाब लपवतात. मित्र हसतील, सर धावण्यातून काढतील, ही भीती. मग उपाशीपोटी, कोरड्या तोंडाने ती उन्हात उभी राहतात. आयांनो, बॅगेत साबणाची वडी आणि ओआरएसच्या चार पुड्या ठेवाच. पण मुलाला हेही सांगून ठेवा की शौचात रक्त दिसले, ताप भरला, उभे राहताना भोवळ आली किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर त्याच घटकेला शिबिराच्या डॉक्टरांकडे जायचे.