हिवताप घटला, त्याची मोजणी घटू नये

देशात २०१५ साली हिवतापाच्या ११ लाख ६९ हजार रुग्णांची नोंद झाली होती. २०२३ मध्ये ती २ लाख २७ हजारांवर आली. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वाधिक रोगभाराच्या देशांसाठी केलेल्या विशेष गटातूनही भारत २०२४ मध्ये बाहेर पडला. २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन हे राष्ट्रीय उद्दिष्ट आता आवाक्यातले वाटू लागले आहे. हे यश खरे आहे. मात्र त्याच २०२३ सालासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे २० लाख रुग्णांचा आहे. नोंद आणि अंदाज यांत जवळजवळ नऊ पटींचे अंतर आहे. खासगी दवाखान्यात गेलेला, दुकानातून गोळी घेऊन कामावर परतलेला किंवा घरीच कण्हत पडलेला रुग्ण या अंतरात हरवतो.

रुग्णसंख्या दोन कारणांनी घटते: रोग ओसरल्यामुळे, किंवा शोध थांबल्यामुळे. कागदावर दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. म्हणून रुग्ण किती सापडले याआधी रक्तनमुने किती तपासले, हे विचारायला हवे. वर्षाकाठी लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांचे रक्त तपासावे, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा जुना दंडक याच शंकेतून जन्मला.

या देशाने विजय एकदा हातचा घालवला आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हा रोग होत असे आणि आठ लाख मरत. डीडीटीची फवारणी आणि घरोघरची तपासणी यांच्या बळावर १९६१ पर्यंत ही संख्या सुमारे पन्नास हजारांवर आली. मग रोग संपला असे गृहीत धरले गेले. कीटकनाशकांचा तुटवडा पडला, डास त्यांना दाद देईनासे झाले, आणि देखरेखीचा भार पेलण्याइतकी ग्रामीण आरोग्यव्यवस्था उभीच राहिली नव्हती. १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. रोगाने डोके वर काढले, ते पहारा ढिला पडला तेव्हा.

पहारा कसा असावा, याचे उत्तर जबलपूरच्या गढा भागातून मिळते. नागपूर रस्त्यावरील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था १९८४ पासून मध्य भारतातील आदिवासींच्या आजारांचा अभ्यास करते आहे. एके काळी गढा-मंडला हे गोंडांचे एकच राज्य होते. त्याच मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत २०१७ पासून ही संस्था, मध्य प्रदेश शासन आणि एक खासगी प्रतिष्ठान यांनी निर्मूलनाचा प्रकल्प चालवला. पद्धत साधी होती: ताप शोधा, रक्त तपासा, उपचार करा आणि रुग्ण बरा होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करा. नोंद मोबाइलवर लगेच होई. तीन वर्षांत हिवताप सुमारे ९१ टक्क्यांनी घटला. नवी लस नव्हती, चमत्कारी औषधही नव्हते. होता तो घरोघर जाणारा प्रशिक्षित कर्मचारी आणि त्याच्या कामाची रोजची तपासणी.

चाचणीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही, हे याच संस्थेच्या संशोधनाने दाखवले. गावागावांत वापरली जाणारी जलद निदान चाचणी फॅल्सिपॅरम परजीवीचे एक विशिष्ट प्रथिन शोधते. ते प्रथिन बनवणारे जनुकच गमावलेले परजीवी देशाच्या अनेक राज्यांत आढळले आहेत. अशा रुग्णाला चाचणी निरोगी ठरवू शकते. परजीवी बदलतो, त्यामुळे त्याला शोधण्याची साधनेही वरचेवर पारखावी लागतात.

महाराष्ट्राने यातून गडचिरोलीसाठी बोध घ्यावा. भामरागड, एटापल्लीचे जंगल छत्तीसगडच्या जंगलाशी सलग आहे; माणसे नात्यागोत्यासाठी आणि मजुरीसाठी सीमा ओलांडतात, त्यांच्यासोबत परजीवीही ओलांडतो. सीमेच्या एका बाजूची मोजणी चोख आणि दुसरीकडची सैल असेल, तर दोन्हीकडचे श्रम वाया जातात.

म्हणून तीन गोष्टी निकडीच्या आहेत. खासगी दवाखाने आणि प्रयोगशाळांनी प्रत्येक रुग्णाची नोंद द्यावी आणि ती देणे त्यांना सोपे जावे. जिल्ह्याने रुग्णसंख्येसोबत तपासण्यांची संख्याही जाहीर करावी. आणि रुग्ण घटले म्हणून हिवताप कर्मचाऱ्यांची पदे रिकामी ठेवू नयेत. शेवटचे काही हजार रुग्ण दूरच्या पाड्यांवर असतात. त्यांना शोधण्याचा दरडोई खर्च सर्वांत जास्त असतो आणि तोच वाचवण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. १९६१ नंतर तो मोह आवरला नाही. २०३० चे उद्दिष्ट तो आवरण्यावरच अवलंबून आहे.