व्याह्यानं धाडलेलं घोडं

नवा लॅपटॉप घरात आला की दोन पंथांचे सल्लागार न बोलावता हजर होतात. पहिला पंथ म्हणतो, कंपनीने टाकलंय म्हणजे लागत असणार, उगाच हात लावू नका. दुसरा म्हणतो, सगळं उडवा, फॉरमॅट मारा, मग बघा मशीन कसं पळतं ते. मला दोन्ही पटत नाहीत. कंपनीने परस्पर भरून दिलेली सॉफ्टवेअर काढायलाच हवीत, पण डिस्कवर जागा व्हावी म्हणून नव्हे. जागा खाणारे वेगळेच आहेत.

पहिल्या पंथाचा सगळ्यात दमदार मुद्दा पैशाचा. अँटिव्हायरसवाले, गेमवाले लॅपटॉप कंपनीला पैसे मोजतात, त्यामुळे आपल्याला यंत्र स्वस्त पडतं, मग कुरकुर कशाला? याचं उत्तर सोनीने मार्च २००८ मध्ये अमेरिकेत स्वतःच देऊन ठेवलंय. वायोच्या काही लॅपटॉपवर ही जादा भरती नको असेल तर 'फ्रेश स्टार्ट' या नावाखाली ४९.९९ डॉलर मोजा, असा पर्याय त्यांनी काढला. बोंबाबोंब झाली आणि तो आकार लगोलग माफही झाला. खरोखरच तेवढी झळ बसत असती, तर ती इतक्या चटकन कोण सोसेल? शिवाय सवलत असेलच तर ती बिलावर दाखवावी. न दाखवलेल्या सवलतीबद्दल गिऱ्हाइकाने उपकार का मानायचे?

आणि ही 'सवलत' केवढ्याला पडू शकते, ते लेनोवोच्या सुपरफिश प्रकरणात जगाने पाहिलं. २०१४ च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या काही मॉडेलांवर हे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं होतं. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यामधला सुरक्षित संवाद उघडून त्यात जाहिराती कोंबता याव्यात, म्हणून त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये विश्वासू म्हणून नोंदवलं. कहर म्हणजे त्या सर्टिफिकेटची खासगी किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा-तज्ज्ञाने तिचा पासवर्ड शोधून काढला. तो होता 'कोमोडिया', म्हणजे हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव! ती किल्ली हाती असलेला कोणीही, सार्वजनिक वायफायवर बसून, तुमच्या लॅपटॉपला बँकेची खोटी साइट खरी म्हणून दाखवू शकत होता. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी सर्टिफिकेट मागे राहायचं, ते वेगळं काढावं लागे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे एकट्या त्या देशात असे साडेसात लाखांहून अधिक लॅपटॉप विकले गेले. २०१७ मध्ये ३२ राज्यांशी तडजोड करताना लेनोवोला ३५ लाख डॉलर मोजावे लागले. 'कंपनीने टाकलंय म्हणजे लागत असणार' म्हणणाऱ्यांनी एवढं एक प्रकरण वाचलं तरी पुरे.

वॉरंटी जाईल ही भीतीही अशीच. वॉरंटी यंत्राच्या सुट्या भागांची असते. चाचणीपुरतं दिलेलं अँटिव्हायरस काढलं म्हणून कीबोर्डची वॉरंटी बुडत नाही. उलट हे अँटिव्हायरसच सगळ्यात आधी घालवावं. त्याची फुकट मुदत संपली की उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवते: तुमचा संगणक धोक्यात आहे, आत्ता नूतनीकरण करा. धोका खरा असो वा नसो, वसुली खरी असते. विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, याच पाहुण्याने बाजूला बसवलेलं असतं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन पाहुण्याला अनइन्स्टॉल केलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की डिफेंडर आपणहून कामावर रुजू होतं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

आता दुसरा पंथ. यांचा राग रास्त, पण उपाय आततायी. डिस्क सपाट करून विंडोज नव्याने घालायला बसलात आणि त्यात तुमच्या वायफायचा ड्रायव्हर नसला, तर विंडोज ११ चं सेटअप इंटरनेट मागत अडून बसतं. कंपनीची सगळी सॉफ्टवेअरही टाकाऊ नसतात. लेनोवो व्हँटेज किंवा मायआसुस यांतून बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास चार्ज होऊन थांबेल अशी सोय करता येते, ड्रायव्हर आणि बायोसची अपडेटही तिथूनच मिळतात. ती ठेवावीत. विकायला आलेलं आणि यंत्राच्या कामाचं, एवढा फरक करता आला की बहुतेक यादी आपोआप निकालात निघते.

हे सगळं काढून किती जागा होते? फारशी नाहीच. जागा जाते ती दुसरीकडेच. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, ती चोरी नव्हे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. हायबरनेशनची फाइल सहसा रॅमच्या ४० टक्क्यांएवढी जागा धरते. १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. हायबरनेट वापरत नसाल तर ते बंद करता येतं, मात्र त्याबरोबर झटपट सुरू होण्याची सोयही जाते. मोठं अपडेट झाल्यावर विंडोज.ओल्ड हे जुन्या विंडोजचं फोल्डर उरतं. ते दहा दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर स्टोरेज सेटिंग्जमधल्या तात्पुरत्या फाइलींत जाऊन आधीही काढता येतं. बाकी बहुतेक अडगळ आपलीच, डाउनलोड्समध्ये.

एवढ्यासाठी 'क्लीनर' उतरवून घेणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. सीसीक्लीनर हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं. २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी विषारी कोड घुसवला आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार लोकांच्या यंत्रांत पोहोचली. रजिस्ट्री 'स्वच्छ' करणाऱ्या अशा साधनांना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

आपल्याकडे लॅपटॉपच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव छापावं लागतं. आत कोणकोणती सॉफ्टवेअर आधीच भरली आहेत, त्यांतली कुठली चाचणीपुरती आणि कुठली काढता येत नाहीत, याचीही यादी तिथेच छापणं सक्तीचं व्हायला हवं. ते होईपर्यंत दुकानात पैसे मोजण्याआधी लॅपटॉप चालू करायला लावा आणि ॲप्सची यादी तिथेच उघडून बघा.