घरात मांजर आहे का?

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नाही. मग मांजराच्या पिल्लाच्या अंगावरच्या पिसवांवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. त्यात थोडी माझीही चूक आहे.

मागच्या पावसाळ्यात एक ताई आपल्या दोन मुलांना घेऊन दवाखान्यात आल्या. मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ होतं. रात्री अंथरुणात शिरलं की खाज वाढायची. आईलाही नुकतीच सुरू झाली होती. निदान सोपं होतं : खरूज. मी घरातल्या चौघांसाठी ५ टक्के परमेथ्रिनचं मलम लिहून दिलं. सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावा, सकाळी अंघोळ करा, चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा, आठवड्याने पुन्हा एकदा लावा, असं सगळं नीट समजावलं. चांगलं समजावलं म्हणून मनात थोडा खूषही झालो.

पंधरा दिवसांनी त्यातली मुलगी तापासाठी आली. खाज गेली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "माझी गेली. पण तुमचं औषध आमच्या मनीला लावलं आणि ती मेली."

घरात दीड महिन्याचं पिल्लू होतं, ते सारखं खाजवायचं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, खरूज मांजरामुळेच आली. ट्यूबमध्ये मलम उरलं होतं, ते पिल्लाला चोळलं. काही तासांत पिल्लू थरथरायला लागलं, मग झटके आले. पशुवैद्यांकडे नेईपर्यंत उशीर झाला होता.

त्या ताईंचा यात काय दोष? जे औषध डॉक्टरांनी लहान मुलाला दिलं, ते पिल्लाला कसं बाधेल, असंच कुणालाही वाटेल. सांगायला हवं होतं ते मी.

माणसाचं औषध मांजराला का चालत नाही?

परमेथ्रिन किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतं. माणसाच्या त्वचेतून ते फार थोडं आत जातं आणि जे जातं ते आपलं यकृत लवकर मोडून टाकतं. कुत्र्यालाही ते बऱ्यापैकी सोसतं. मांजराच्या यकृतात मात्र हे काम करणारी यंत्रणा फार कमकुवत असते. औषध शरीरात साचतं, नसा अतिउत्तेजित होतात आणि पिल्लाला कंप, झटके येतात.

हिशेब करून बघा. ५ टक्के मलमाच्या एका ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम परमेथ्रिन असतं. म्हणजे ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १५०० मिलिग्रॅम. दीड महिन्याच्या पिल्लाचं वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो. शिवाय मांजर अंग चाटतं, म्हणजे वरून लावलेलं पोटातही जातं.

हीच गोष्ट कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या थेंबांची. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन मलमापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतं. खरजेवरचं बेंझिल बेंझोएट, रॉकेल, फिनेल, टी ट्री तेल, कापूर, डांबरगोळ्या यांतलं काहीही मांजराच्या अंगाला लावू नका. पिल्लू मलूल दिसतं म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका. मांजराला ते विषच आहे.

आणि चुकून लावलं गेलंच असेल तर? पिल्लाला लगेच कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाने धुवा, कोरडं करा, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या आणि औषधाचं वेष्टण सोबत घेऊन तडक पशुवैद्यांकडे जा. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नका.

आरोपी मांजरच होतं का?

नव्हतं. माणसाची खरूज माणसाकडूनच माणसाला होते. एकत्र झोपणं, एकच चादर-टॉवेल वापरणं ही तिची वाट. मांजरालाही खरूज होते, पण तिचा किडा वेगळा. तिची सुरुवात बहुधा कानाच्या कडांपासून होते, खपल्या धरतात, मग चेहरा, मान. तो किडा माणसाच्या अंगावर आला तर थोडे दिवस खाज आणतो, पण आपल्या त्वचेत त्याची वंशवाढ होत नाही. मांजराचा उपचार झाला की आपली खाजही थांबते.

मनी खाजवत होती ती बहुधा पिसवांमुळे. पिल्लांमध्ये हाच त्रास सर्वाधिक. खात्री घरच्या घरी करता येते. बारीक दातांच्या कंगव्याने पिल्लाची पाठ आणि शेपटीचं मूळ विंचरा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ आणि पिल्लू सारखं डोकं झटकत असेल, तर कानातले सूक्ष्म किडे असण्याची शक्यता जास्त. अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर ते बहुधा गजकर्ण. तो परजीवी किडा नव्हे, बुरशी आहे, पण माणसाला सहज लागते.

पिसवा ही नुसती खाजेची बाब नाही. एवढ्याशा जिवाचं रक्त रोज शोषलं गेलं तर पिल्लू रक्तक्षयाने दगावू शकतं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पिल्लू दूध सोडून पडून राहिलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

"सोडून द्या कुठेतरी"

हा सल्ला सगळेच देतात. काही डॉक्टरही देतात. माझं मत स्पष्ट आहे : हा सल्ला निर्दयी तर आहेच, पण वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा आहे.

पिसूची मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, घरंगळून गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत पडतात. तिथे अळ्या होतात, त्या कोश विणतात आणि कोशातली पिसू कित्येक आठवडे, कधी महिनेही वाट बघत बसते. म्हणजे दिसणाऱ्या पिसवा थोड्या, न दिसणारी पिलावळ घरभर. पिल्लाला पोत्यात घालून बाजारात सोडून आलात, तरी ही पिलावळ तुमच्याच घरात राहते. बाहेर पडल्यावर तिला मांजर सापडत नाही. मग ती कुणाला चावणार? तुमच्या मुलांच्या पायांना.

म्हणून उपचार दोघांचा हवा, पिल्लाचा आणि घराचा. पिल्लाचं औषध पशुवैद्यच ठरवतील. मानेवर टाकायच्या बऱ्याच थेंबांना किमान वय आणि वजनाची अट असते, बहुतेक दोन महिन्यांच्या आसपास. त्याहून लहान पिल्लाला रोज कंगव्याने विंचरणं आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवणं, हा सर्वांत सुरक्षित उपाय. घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी. पिल्लाचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गाद्यांना कडक ऊन द्या, कोपरे आणि फटी रोज झाडा, केर घराबाहेर टाका. हे निदान दोन-तीन महिने चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात पिसवा दिसल्या म्हणून औषध फसलं असं समजू नका. त्या जुन्या कोशांतून येत असतात.

माझ्याकडे कधी यायचं?

घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवर तीन-चारच्या पुंजक्यांनी लाल गांधी येत असतील. मांजर ओरबाडल्यानंतर काही दिवसांनी काखेत किंवा जांघेत गाठ आली, सोबत ताप असेल. लहान मुलाच्या शीत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, कारण पिसू चुकून गिळली गेल्यास एक प्रकारचा पट्टकृमी होऊ शकतो. गोल चट्टा उठला तर मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळू नका. चट्टा दबल्यासारखा दिसतो आणि आत पसरतो. आणि पिल्लू चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं, तर जखम १५ मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी या. पिल्लू लहान आहे, घरचं आहे, हे कारण चालत नाही.

आता खरजेचं औषध लिहिताना मी एक प्रश्न न चुकता विचारतो : घरात मांजर आहे का? "हो" म्हटलं की सांगतो, हे मलम तिला लावायचं नाही, आणि तुमच्या अंगावर मलम असेल त्या रात्री तिला कुशीत घ्यायचं नाही. अर्धं मिनिट लागतं. मनीच्या वेळी ते अर्धं मिनिट मी दिलं नाही.

तुमचे डॉक्टर विचारायला विसरले, तर तुम्ही आपणहून सांगा. आणि उरलेलं मलम ठेवून देऊ नका, टाकून द्या.