गाव वाढते, तलाव वाढत नाही



‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात कोणी ऐकलेली नाही? हा पाळणा आता भरत चालला आहे. २००१ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ३५ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे २ लाख ८५ हजार झाली. दहा वर्षांत २१ टक्के वाढ! २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. गाव मोठे झाल्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु या २१ टक्क्यांचा अर्थ किती जणांनी लावून पाहिला?

२१ ला १० ने भागून ‘वर्षाला २.१ टक्के’ असे कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. चक्रवाढ व्याजाप्रमाणे येथेही वाढीवर वाढ चढते. म्हणून खरा दर सुमारे १.९ टक्के येतो. आता ७० ला या दराने भागा. उत्तर येते ३७. तितक्या वर्षांत संख्या दुप्पट होते. किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुष्याचे गणित हेच, फक्त उलट दिशेचे. दर तोच राहिला, तर २००१ चे जालना २०३८ च्या सुमारास दुप्पट झालेले असेल. तेव्हा संसाराचा भार तुमच्या खांद्यांवर असेल.

निजामाच्या राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा तलाव मात्र दुप्पट होणार नाही. उलट, दर पावसाळ्यात येणाऱ्या गाळाने त्याची साठवणक्षमता घटतच जाते. पैठणच्या जायकवाडी धरणातून नळयोजनेने पाणी येते. पण छत्रपती संभाजीनगरची तहानही तेच धरण भागवते.

‘बाहेरची माणसे आली, म्हणून पाणी पुरेना’ असे पुष्कळदा कानांवर येते. मला ते पटत नाही. बियाण्यांच्या आणि लोखंडी सळ्यांच्या धंद्यात माणसे कामासाठी आली, आणि त्यांच्या श्रमावर गाव वाढले. चूक त्यांच्या येण्यात नाही. माणसे मोजताना आपण पाणी मोजले नाही, यात आहे.

ते मोजणे अवघड नाही. १०० चौरस मीटर छपरावर वर्षभरात ६५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६५,००० लिटर पाणी होते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ५२,००० लिटर उरते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असे मानतात. त्या हिशेबाने पाच जणांच्या घराला हे पाणी ७७ दिवस पुरेल! हौद बांधून ते साठवावे, नाहीतर जमिनीत मुरवावे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदा मुलांकडून शाळेचे छप्पर मोजून घ्या आणि हा हिशेब फळ्यावर मांडा. नव्या इमारतीचा नकाशा पाहताना ‘पाण्याचे काय?’ असे विचारणारा नागरिक त्याच वर्गातून बाहेर पडेल.