फरक दिसला नाही, म्हणजे फरक नाही?

शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला पोचलं की यशवंत तलाव आणि गार वारा सामोरा येतो. पर्यटक तिथेच थांबतो. नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी तालुका मात्र तिथून पुढेही पसरलेला आहे. डोंगराच्या सोंडांवर आणि दऱ्यांच्या तोंडाशी पाडे विखुरलेले आहेत, आणि छोट्या पाड्यात अंगणवाडीच्या वयाची मुलं असतात जेमतेम तीस-चाळीस. एवढ्याशा संख्येवरून संख्याशास्त्र काय सांगणार, असं विचारलं जातं. या प्रश्नाआडचे तीन समज मला खोडून काढायचे आहेत, कारण तिन्हींची किंमत या पाड्यांनाच मोजावी लागते.

पहिला समज असा की नमुन्यावरून काढलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे कारभार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६च्या फेरीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची सुमारे ५५ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. २०१९-२१च्या फेरीत सुमारे ५७ टक्के. असे आकडे आले की एक बाजू ‘कुपोषण वाढलं’ म्हणते, दुसरी ‘सर्वेक्षणच खोटं’ म्हणते. समजा, दोन्ही फेऱ्यांत तीनशे-तीनशे मुलं मोजली. मग प्रत्येक आकड्याला वर-खाली साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त मोकळीक द्यावी लागते. दोन टक्क्यांच्या फरकाचा विश्वास-अंतराल, म्हणजे ही मोकळीक धरून येणारा पट्टा, सहा टक्के घटीपासून दहा टक्के वाढीपर्यंत पसरतो. निवडलेल्या एकेका गावातली बरीच मुलं एकत्र मोजली जातात, त्यामुळे खरी मोकळीक याहून मोठीच निघते. म्हणजे वाढ सिद्ध झाली नाही, आणि घटही झाली नाही. पण म्हणून आकडा निरुपयोगी ठरतो का? ५७ मधून ती सगळी मोकळीक वजा करा. खालचं टोक तरीही पन्नासच्या घरात राहतं. जिल्ह्यातलं जवळजवळ प्रत्येक दुसरं मूल कमी वजनाचं आहे, हे या अनिश्चिततेतूनही शाबूत उरतं. अंतरालाने इथे आकड्याची विश्वासार्हता घालवली नाही; त्यातलं काय धरून चालायचं, ते दाखवलं.

दुसरा समज वर्गात तयार होतो. ‘९५ टक्के विश्वास-अंतराल म्हणजे खरी किंमत त्यात असण्याची शक्यता ९५ टक्के’, असं विद्यार्थी परीक्षेत बिनधास्त लिहितात. सोपं वाटतं, पण चूक आहे. जमिनीत रोवलेल्या खुंट्यावर लांबून दोराचा फास टाकायचा आहे, असं समजा. खुंटा जागचा हलत नाही. दर फेकीला फास तेवढा वेगळीकडे पडतो. शंभर फेकींत सुमारे पंच्याण्णव वेळा खुंटा फासात सापडावा, अशी ही फेकण्याची रीत आहे. १९३०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी अंतरालाची कल्पना मांडली ती हीच. पंच्याण्णव हा रीतीचा गुण आहे. हातातला एक फास खुंट्यावर पडला आहे की नाही, हे तो सांगत नाही. हा शब्दच्छल नाही. हे ज्याला कळलं, तो एका सर्वेक्षणावर शिक्कामोर्तब करत नाही. पुन्हा मोजणीची मागणी करतो.

तिसरा समज सर्वांत घातक: ‘फरक सार्थक नाही, म्हणजे फरक नाही.’ एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. पाड्यात ४० मुलं, त्यांतली २२ कमी वजनाची. वर्षभर ताजा आहार आणि अंडी दिली; वर्षअखेरीस कमी वजनाची उरली १६. दोन टक्केवाऱ्यांच्या नेहमीच्या परीक्षेत पी-मूल्य, म्हणजे मुळात फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, येतं सुमारे ०.१८. ते ०.०५च्या, म्हणजे फरकाला ‘सार्थक’ म्हणण्याच्या रूढ मर्यादेच्या, वर आहे, म्हणून अहवालात ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहिलं जातं. पण अंतराल पाहा: ३७ टक्के घटीपासून ७ टक्के वाढीपर्यंत. शून्य त्यात आहे, आणि पाड्याचं चित्र पालटून टाकणारी सुधारणाही त्यातच आहे. परीक्षेने ‘फरक नाही’ असं म्हटलेलंच नाही. तिने म्हटलं, ‘एवढ्या नोंदींवरून मला सांगता येत नाही.’ साक्ष अपुरी पडली म्हणून घटना घडलीच नाही, असं कोणतंही न्यायालय म्हणत नाही. आणि ०.०५ ही काही दगडावरची रेघ नव्हे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या पुस्तकात ती सोयीची मर्यादा म्हणून सुचवली. केवळ पी-मूल्य एखाद्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावरून धोरणं ठरवू नयेत, असं अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ साली निवेदन काढून बजावलं. लहान पाड्याचा अंतराल नेहमीच रुंद असणार. त्या रुंदीलाच ‘परिणाम नाही’ म्हटलं, तर लहान वस्तीवरची कोणतीही योजना कधीच यशस्वी ठरणार नाही.

मग करायचं काय? आधी अंगणवाडीची वही उघडायची. वर आपण २२ आणि १६ या दोन बेरजा ताडून पाहिल्या, जणू दोन वेळची मुलं वेगवेगळी होती. पण मुलं तीच आहेत. प्रत्येकाची आधीची आणि नंतरची नोंद नावानिशी जोडली, आणि सहा मुलं कमी वजनातून बाहेर आली, नव्याने एकही आत गेलं नाही असं दिसलं, तर? आहाराचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक बदल नाणेफेकीसारखा, इकडे किंवा तिकडे, झाला असता. सहाही नाणी एकाच बाजूला पडण्याची शक्यता ६४ मध्ये २, म्हणजे ०.०३. बेरजा त्याच, निष्कर्ष वेगळा. उलट आठ बाहेर आली आणि दोन आत गेली असती, तरी बेरीज १६च झाली असती, पण पी-मूल्य ०.११ आलं असतं. जे बेरजेत बुडतं, ते नावांच्या यादीत सापडतं.

तरीही सूत्राच्या हाती सगळं नाही. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, लेकरं सोबत नेतात. दुसऱ्या वजनाच्या दिवशी ती मुलं पाड्यावर नसतात, आणि बहुधा तीच सर्वांत हलाखीची असतात. अंतराल नमुन्यातला योगायोग मोजतो. न मोजलेलं मूल मोजत नाही. शिवाय सहा मुलं सुधारली ती आहाराने की ऋतुमानाने, हेही तुलनेचा पाडा नसेल तर कळत नाही.

हे सगळं आदिवासी भागात जमणारं नाही, असं कोणी म्हणू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू केली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. गावातल्याच स्त्रिया शिकल्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या गेल्या, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळ पाहायला घरोघरी जातात, त्यामागे हा पुरावा उभा आहे. एकेक गाव लहानच होतं. पण गावं जोडली, नोंद काटेकोर ठेवली आणि तुलना आधीच ठरवली.

तोरणमाळच्या पाड्यांसाठी माझं मागणं एवढंच आहे. टक्केवारी छापाल तिथे शेजारी अंतराल छापा. ‘सार्थक नाही’ असं लिहाल तिथे किती मुलं मोजली आणि किती हुकली, तेही लिहा. अंतराल रुंद आला तर फाइल मिटू नका. शेजारचे पाडे जोडा, स्थलांतरावरून परतलेली लेकरं मोजा, पुढच्या वर्षी पुन्हा काटा घेऊन जा. बावीसची सोळा झाली, हे कळवून अहवाल संपतो. ती सहा कोण, हे अंगणवाडीच्या वहीत लिहिलेलं असतं. संख्याशास्त्राने आधी ती वही मागावी.