बाहेरची चूल, जानेवारीचा हिशेब

मे संपत आला की शिकागोच्या उपनगरांत परसदारी माणसांची वर्दळ सुरू होते. हिरवळ वर आलेली असते, शेजारच्या ग्रिलवरचा खमंग धूर कुंपण ओलांडून येत असतो, आणि घरात ठराव होतो की यंदा बाहेर स्वयंपाकघर करायचंच. मग मासिकांतले फोटो पुढ्यात येतात. लांबलचक दगडी ओटा, त्यात बसवलेलं ग्रिल, सिंक, फ्रिज, कोपऱ्यात पिझ्झाची भट्टी आणि वर वेल चढवलेला मांडव. त्यांतला एकही फोटो जानेवारीत काढलेला नसतो.

याच शहरात जुलैमध्ये पारा सहज ३० अंशांच्या घरात जातो, आणि ३० जानेवारी २०१९ला तो उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. सरासरी हिवाळ्यात तीन फुटांच्या आसपास बर्फ पडतो. पण घाण करतो तो मार्च. दिवसा बर्फ वितळून पाणी फटींत शिरतं, रात्री ते गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सिमेंटचा सांधा, टाइलचा कोपरा, ओट्याची कड यांना ही उघडझाप एकेका हिवाळ्यात कितीतरी वेळा सोसावी लागते. उन्हाळ्याच्या मौजेसाठी बांधायच्या गोष्टीची आखणी म्हणून हिवाळ्यापासून सुरू करावी लागते, आणि ती तशी केली की पहिल्या नकाशातल्या निम्म्या वस्तू आपोआप गळतात.

सुरुवात जमिनीखालून. शिकागोत पायासाठी ४२ इंच खोली धरतात, टोरांटोकडे चार फूट, मिनेसोटाच्या उत्तर भागात तर पाच फूट. कारण तिथवर जमीन गोठू शकते आणि गोठताना वरचं बांधकाम उचलते. चार इंचांच्या फरशीवर दगडी ओटा ठेवून दिला, तर दोन-तीन हिवाळ्यांत त्याचं एक टोक वर येतं, दारं लागेनाशी होतात आणि गॅसच्या नळीवर ताण येतो. मग एक तर साडेतीन फूट खणून पक्का पाया घ्यायचा, नाहीतर नीट निचरा होणाऱ्या खडीच्या थरावर घरापासून सुटी फरशी टाकायची आणि तिच्यावर हलकी, धातूच्या सांगाड्याची मांडणी ठेवायची. हलकी मांडणी थोडी हलली तरी पुन्हा समतल करता येते. दगडी ओट्याला ती सोय नाही.

पाण्याशी मात्र वाद घालता येत नाही. बाहेर सिंक म्हणजे येणारं पाणी आणि जाणारं पाणी, दोन्ही नळ्या गोठण्याच्या वाटेवर. ऑक्टोबर सरता सरता घरमालकाला तळघरात उतरून बाहेरच्या नळाचा पुरवठा बंद करावा लागतो, मग बाहेरचा नळ उघडून नळी रिकामी करायची, कोनाड्यात अडलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून काढायचं आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपात गुलाबी रंगाचं गोठणरोधक द्रव्य ओतायचं. हे तिथं वापरतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमधलं विषारी द्रव्य तिथं चालत नाही. एवढं सगळं एका वर्षी विसरलं, की वसंतात प्लंबर.

त्यापेक्षा भिंतीतला न गोठणारा नळ बरा. त्याचा वॉशर बाहेर नसतो, आठ-बारा इंचांच्या दांड्याच्या टोकाला, घराच्या उबेत असतो. बंद केला की बाहेरच्या भागातलं पाणी ओघळून जातं. पण या शहाण्या नळालाही एक खोड आहे. बागेची रबरी नळी त्याला तशीच लावून ठेवली, तर पाणी ओघळायला वाट राहत नाही, नळाची दांडी आतून फुटते, आणि कुणाला पत्ता नसतो. नळ बंद असतो तोवर सगळं ठीक दिसतं. मे महिन्यात कुणीतरी झाडांना पाणी घालायला तो उघडतं आणि तळघराच्या छतातून धार लागते. सिंकचा हट्ट सोडून ताटं-भांडी आतच धुवावीत, हे या स्तंभाचं स्पष्ट मत आहे. बाहेर हात धुण्यापुरता नळ आणि पाणी जायला खडी, एवढं पुरतं.

कोकणातल्या माणसाला हे सगळं ऐकताना आगोट आठवेल. मृगाच्या आधी पडवीला झावळ्यांची झापं बांधायची, सरपण आत घ्यायचं, सुकी मासळी भरून ठेवायची. तिथं शत्रू आडवा पाऊस, इथं बर्फ. पण ऋतू बदलला की चुलीनं जागा बदलायची, हे शहाणपण दोन्हीकडे आहे. अमेरिकेत आणि कॅनडातही ते जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनिया, ऑंटारिओ, क्वेबेकमधल्या कित्येक शेतघरांना मागच्या बाजूला ‘उन्हाळी स्वयंपाकघर’ असे. उन्हाळ्यात रांधणं तिकडे हलायचं, म्हणजे राहतं घर तापत नसे. थंडी पडली की चूल पुन्हा आत, आणि ती गार खोली साठवणीला. आजच्या मासिकी ओट्यापेक्षा ती व्यवस्था अधिक हुशार होती.

ग्रिलचं झाकणही या हवेचंच अपत्य. शिकागोत बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, बनवणाऱ्या वेबर ब्रदर्स या धातुकारखान्यातले जॉर्ज स्टीफन वाऱ्या-पावसानं उघड्या ग्रिलचा खेळखंडोबा होतो म्हणून वैतागले होते. १९५२ साली त्यांनी बोयाचा अर्धा गोल घेऊन खाली पाय आणि वर झाकण बसवलं. त्यातून ते घुमटाकार ग्रिल आलं. ते चाकांवर ढकलून गॅरेजमध्ये ठेवता येतं. (ठेवावंच, पण पेटवू नये. बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही.)

साहित्याबद्दल थोडक्यात. पोलाद घ्यायचं तर ३०४ जातीचं. रस्त्यावरचं मीठ किंवा समुद्राची हवा अंगावर येत असेल, तर ३१६. ओट्याला ग्रॅनाइट किंवा अर्धा टक्काही पाणी न पिणारी पोर्सेलीनची लादी टिकते. घरात मिरवणारं क्वार्ट्झ बाहेर नको, त्यातलं रेझिन उन्हानं पिवळं पडतं. साधा फ्रिज तर हिवाळ्यात उलटाच वागतो. बाहेरची हवाच गार असल्यानं त्याला कॉम्प्रेसर चालवायची गरज वाटत नाही, आणि हवा शून्याच्या थोडी वर असेल, तर वरच्या फ्रीझरमधले मटार वितळतात. पिझ्झाच्या भट्टीबद्दल एवढंच, की पावसा-बर्फात भिजलेली विटेची भट्टी घाईनं तापवली तर आतल्या वाफेनं तडकते. ती बहुतेक घरांत दोनदा पेटते, पाहुण्यांसमोर.

गॅसचं तसं बरं आहे. आपल्याकडच्या सिलिंडरात ब्युटेनचा वाटा मोठा असतो आणि ते शून्य अंशांच्या आसपास वायू व्हायला नकार देतं. तिकडच्या ग्रिलच्या टाकीत प्रोपेन असतं, ते उणे ४२ अंशांना उकळतं. म्हणून कडाक्यातही जाळ मंद का होईना मिळतो. मात्र प्रोपेन हवेपेक्षा जड. टाकी कपाटात ठेवली तर कपाटाला तळाशी झरोके हवेतच, नाहीतर गळलेला वायू तिथंच साचून राहतो. आणि वसंतात पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या तपासाव्यात. त्यांत कोळी घर करतात, वाट अडते, आणि ज्योत उलटी नॉबकडे येते.

आता मराठी घराचं काय, हा प्रश्न तिथले ठेकेदार विचारत नाहीत. त्यांना वाटतं सगळ्यांना स्टेकच भाजायचाय. खरं दुखणं वेगळं असतं. तिथल्या कित्येक घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह टांगलेला असतो आणि त्याचा पंखा धूर चाळून पुन्हा घरातच सोडतो. भिंती नसलेलं मोकळं घर, वर धुराची घंटा. मिरचीची फोडणी पडली की घंटा बोंबलते, आणि तळलेल्या बांगड्याचा वास हिवाळी कोटांना आठवडाभर सोडत नाही. या घराला सहा बर्नरचं ग्रिल नकोय. त्याला कढई-तवा नीट बसेल असा एक दणकट बर्नर हवा, तीन बाजूंनी वारा अडवणारा पत्रा हवा, आणि शेजारी दोन फूट ओटा. आपल्या चुलीला वैल असतो ना, तसा हा घराचा वैल समजावा.

तो ठेवायचा कुठे, यावर सगळं अवलंबून. नकाशात तो नेहमी परसाच्या टोकाला, झाडाखाली शोभतो. डिसेंबरात तिथवर तीस फूट बर्फ फावड्यानं कोण उपसणार? स्वयंपाकघराच्या दारापासून तीन पावलांवर, शक्यतो दक्षिणेला, घरच वायव्येचा वारा अडवेल अशा जागी तो असावा. भिंतीला टेकवून मात्र नको. उपनगरांतल्या पुष्कळ घरांना व्हायनिलचं आवरण असतं आणि ते सुमारे ७० अंशांना लोंबू लागतं. वर छप्पर घ्यायचं तर बर्फाचं वजन धरून घ्यावं. दक्षिण मिनेसोटातही दर चौरस फुटाला ५० पौंड जमिनीवरचा बर्फ हिशेबात धरावा लागतो. वेलाचा नाजूक मांडव त्या भारापुढे टिकत नाही.

एवढं जमलं, तर डिसेंबरातल्या संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडल्यावर कुणीतरी कोट चढवून, दारापुढच्या तीन पावलांवरचा बर्फ बाजूला सारून, रव्यात घोळलेल्या तुकड्या घेऊन बाहेर येतं. तवा तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. काचेपलीकडे वरणभाताची ताटं मांडलेली असतात, आणि घंटा गप्प असते.